गुरुवारचं पाणी आणि लहान लॅपटॉप

बाळांनो,

गेल्या रविवारी तुम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर नवा लॅपटॉप घेण्यावरून भांडत होतात. एकाला खेळ खेळायला मोठा पडदा हवा, दुसरीला दप्तरात मावणारा हलका हवा. मग तुमच्या बाबांनी सुचवलं, की दोघांत मिळून एकच घेऊ, म्हणजे तेवढ्याच पैशात जरा जास्त ताकदीचा येईल. त्यावर तुमची आई उठून आत निघून गेली. "आजी, आईला काय झालं?" असं तुम्ही मला विचारलंत. मी म्हटलं, लिहून कळवते.

ती स्वतः सांगणार नाही. मी सांगणार आहे. त्या सगळ्या प्रकाराची मला अजून शिसारी येते, आणि या महिन्यात घराला रंग देताना कपाटावरून तिचा जुना लॅपटॉप खाली आला, तेव्हा ती नव्याने आली.

तुम्ही आपलं गाव पाहिलं आहे, पण उन्हाळ्याच्या सुटीत, पाहुण्यांसारखं. येडगावच्या धरणापासून फार लांब नाही, तरी आपल्या शेताला पाणी धरणाचं नाही, विहिरीचं. तुमचे आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ यांची जमीन वाटली गेली, घरं वेगळी झाली, अंगण मधे राहिलं. विहीर मात्र वाटता येईना. ती सामाईक. मग वार वाटून घेतले. सोमवार, गुरुवार, शनिवार आपले. मंगळवार, बुधवार, शुक्रवार थोरल्यांचे. रविवारी ज्याची मोटर आधी सुरू होईल त्याचं पाणी, म्हणजे तोही थोरल्यांचाच. आपल्या वारी सकाळी वीज यायची आणि तुमचे आजोबा मोटर सुरू करायचे, तर पाइपातून आधी गढूळ चिखल, मग फसफस नुसती हवा. आदल्या दिवशी विहीर तळापर्यंत उपसलेली असायची. वाकून पाहिलं की खाली शेवाळलेलं डबकं आणि त्यात पोट फुगून पालथा पडलेला बेडूक. "सामाईक" हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर आजही तो बेडूक येतो.

आता लॅपटॉपकडे येते.

मी नारायणगावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. तुमची आई कॉलेजात असताना आमच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून ती तिथल्या सायबर कॅफेत जायची आणि मी शेजारी स्टुलावर बसून वह्या तपासायची. प्लायवुडच्या खोपट्यांना मळके पडदे लावलेले. की-बोर्डच्या फटींतून सुपारीची खांडं. माउस धरला की हाताला चिकट लागायचं, ते कशाचं याचा विचार मी करत नसे. कोपऱ्यात लाल पिचकाऱ्या. मी पर्समध्ये स्पिरिटचा बोळा नेत असे आणि ती बसण्याआधी सगळं पुसून काढत असे. आजूबाजूची पोरं हसायची. "मॅडम, ऑपरेशन हाय का काय?" एकाने विचारलं होतं. मी त्याला म्हटलं, "हो. तुझे हात दाखव, तिथूनच सुरुवात करते."

तिथे ती खेळ खेळायची. पुढे खेळायचा कंटाळा आला आणि तिने ठरवलं, की खेळ बनवायचे. पुण्यात तसा एक अभ्यासक्रम होता. तिला प्रवेश मिळाला. राहायला मुलींचं वसतिगृह, तिसऱ्या मजल्यावर. मुलींनी संध्याकाळी सातच्या आत फाटकात यायचं, आणि संस्थेची प्रयोगशाळा खरी रिकामी व्हायची ती सातनंतर. मुलगे रात्री बसून काम उरकायचे. हिला यंत्र मिळायचं ते दुपारच्या गर्दीत, कसंबसं. शेवटच्या सहामाहीत प्रत्येकाने स्वतःचा एक खेळ बनवून द्यायचा होता. तो झाला नाही तर वर्ष वाया, आणि आणखी एका वर्षाची फी भरायची आपली ताकद नव्हती. स्वतःचा लॅपटॉप असल्याशिवाय तिचं काम होणार नव्हतं, एवढं सरळ होतं.

तिने काय हवं ते नीट ठरवलं होतं. दर आठवड्याला एस.टी.ने जा-ये, वाटेतल्या पेठ गावापर्यंत बऱ्याचदा उभं राहून, म्हणून वजन कमी. चौदा इंची पडदा पुरे. प्रोसेसर बरा. रॅम दोन जीबी. हार्ड डिस्क लहान असली तरी चालेल. पण ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी पाहिजेच, त्यात तडजोड नाही. अशी यंत्रं तेव्हा कमी होती आणि स्वस्त नव्हती. आम्ही जे बाजूला काढलं होतं, त्यात असं एक बेताचं यंत्र बसत होतं. एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

पण आपल्याकडे घरात मोटर, गाडी, टीव्ही काहीही यायचं असलं की थोरल्याला विचारायची रीत. तुमचे आजोबा म्हणाले, "दादाला न विचारता कसं आणायचं?" आणि संध्याकाळी आम्ही थोरल्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

थोरले तंबाखू मळत होते. तुमची आई त्यांना आबा म्हणायची. तिने त्यांना समजेल असं सांगायला घेतलं. "आबा, हार्ड डिस्क म्हणजे आपली कांद्याची चाळ. माल साठवायची जागा. रॅम म्हणजे पुढचा ओटा, जिथं कांदा पसरून निवडतो."

"बरं. मग चाळ केवढी हाय त्याची?"

"मी म्हणतेय त्याची एकशेसाठ. दुसरीकडं तीनशेवीसचीही मिळते."

"मग इचारायचं काय त्यात? मोठी चाळ घ्यायची."

"मोठी चाळ घेऊन काय करू? मला साठवायचं नाही, चित्रं पळवायचीत. त्याला वेगळी मोटर लागते."

"आन् पडदा?"

"चौदा इंच."

थोरल्यांनी तळहातावर तंबाखू थोपटली. "आगं, मंग त्यात मॅच कशी दिसायची?"

त्यांचा मुलगा तिथेच मोटरसायकलला टेकून उभा होता. लग्नाचं वय झालेला, हाताला काम नसलेला. तो म्हणाला, "सतरा इंची येतोय की आबा. त्यात टीव्ही बी दिसतो."

मग थोरल्यांनी ते वाक्य टाकलं. "असं करू. निम्मे तुमी घाला, निम्मे आमी घालतो. लई भारीतला घिऊ. सामाईक. पोरगी बी वापरंल, पोरगा बी वापरंल. तुमचे बी पैशे वाचले."

तुमच्या आजोबांचा चेहरा उजळला. भाऊ आपल्या लेकीसाठी पैसे घालतो आहे, याचंच त्यांना भरून आलं. तुमच्या आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दादा, यंत्र तिला रोज लागणार."

"रोज कुनाला काय लागतं, बाई? हिरीचं पानी तरी रोज मिळतं का? तरी पिकतंयच की."

त्यांनी तंबाखू ओठाखाली धरली आणि पहिली पिचकारी अंगणात मारली. तो विषय तिथे संपला.

मंचरला एका मारवाडी शेठचं दुकान होतं. त्यांचे वडील भांडी विकायचे, यांनी पंखे-मिक्सर ठेवले, आणि आता काचेच्या कपाटात लॅपटॉप. बोलणं चोख आपल्यासारखं. त्यांनी दोन यंत्रं काढून ठेवली. एक सतरा इंची, काळं, चकचकीत, पाटासारखं रुंद. दुसरं चौदा इंची, राखाडी, दिसायला गरीब. किमतीत फारसा फरक नव्हता.

"दोन्ही चांगले, भाऊ," शेठ म्हणाले. "घेणार कशासाठी, त्यावर आहे."

तुमच्या आईने पर्समधून खेळाची सीडी काढली आणि आधी मोठ्यात घातली. मी तो खेळ तेव्हा पहिल्यांदा एवढ्या मोठ्या पडद्यावर पाहिला. एक माणूस बंदूक घेऊन बोळातून पळतो, समोर दिसेल त्याला मारतो, आणि रक्त उडून काचेवर यावं तसं पडद्यावर येतं. असल्या गोष्टी बनवायला माझी मुलगी शिकते आहे, हे मला त्या दिवशी आवडलं नाही आणि आजही असले खेळ मला आवडत नाहीत. तुम्ही खेळता तेही आवडत नाहीत. पण तेवढ्यात ते रक्त मधेच अडकलं. माणसाचा हात एकीकडे, धड एकीकडे. मग एकदम सगळं पुढे सरकलं, परत थांबलं.

"बघा, आबा. अडकतंय," ती म्हणाली.

"कुठं? चालतंय की चांगलं."

मग तिने तीच सीडी लहानात घातली. तोच बोळ, तोच माणूस, पण पाण्यासारखा वाहता.

मी माहितीपत्रक उचललं. मोठ्याच्या पानावर, ठळक आकड्यांच्या खाली बारीक अक्षरांत, ग्राफिक्सच्या मेमरीपुढे इंग्रजीत शेअर्ड असं छापलेलं होतं. मी मुलीला अर्थ विचारला. ती म्हणाली, "याला चित्र काढायला स्वतःची मेमरी नाही. रॅममधून घेतो. काम वाढलं की दोघांनाही पुरत नाही."

"म्हणजे आपली विहीर," मी म्हटलं.

"घिऊ दे की घेतो तर," थोरले म्हणाले. "घरातलंच घेतोय ना?"

आणि खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी शेठच्या हातावर टाकलं. बैलबाजारात करतात तसं, उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवायचा. शेठना हसू आलं, पण त्यांनी हात पुढे केला. उपरण्याखाली बोटं हलली, थोरल्यांनी मान हलवली, परत बोटं हलली. हात बाहेर आले तेव्हा थोरल्यांचा चेहरा विजयी होता. मोठ्या यंत्राचा भाव चांगलाच पाडला होता. उपरण्याखाली दिलेला शब्द मागे घेत नाहीत. माझी मुलगी लहान यंत्राजवळ उभी होती, तिला कुणी विचारलंही नाही. परतताना गाडीत थोरले भाव कसा पाडला तेवढंच सांगत होते. यंत्र काय करतं, याची त्यांना काडीची पर्वा नव्हती.

दोन दिवसांनी दसरा. अंगणात विळे, खुरपी, औषध फवारायचा पंप, मोटरीचा स्टार्टर असं सगळं मांडलं होतं, आणि त्या ओळीत मधोमध लॅपटॉप, उघडून ठेवलेला. मोठ्या जाऊबाईंनी हौसेने हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूची फुलं की-बोर्डवर सोडली. नारळ शेजारीच फोडला. मी धावत जाऊन पुसायला घेतलं तर त्या म्हणाल्या, "आवं बाई, देवाचं पुसत्यात का?"

मग वार ठरले. सोमवार ते गुरुवार लॅपटॉप पुण्याला तुमच्या आईकडे. गुरुवारी रात्रीपर्यंत तो घरी आला पाहिजे. शुक्रवार ते रविवार थोरल्यांच्या मुलाकडे. पुढचे चार महिने ती दर गुरुवारी ते धूड खांद्याला लावून एस.टी.त चढायची आणि सोमवारी पहाटे परत न्यायची. चार्जर वेगळाच विटेएवढा. तिच्या उजव्या खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ उठायचा.

तिने बनवायला घेतलेल्या खेळात बंदूक नव्हती. लहानपणी आम्ही तिला आहुप्याला नेलं होतं, तिथली देवराई तिच्या डोक्यात बसली होती. तसल्या दाट झाडीत एक मुलगी वाट चुकते आणि बाहेर पडायचा रस्ता शोधते, असा खेळ. पण झाडं शेकड्याने काढावी लागत, आणि यंत्र चार झाडं काढली की धापा टाकायचं. पाचव्या झाडाला फांद्या यायच्या, पानं यायचीच नाहीत. ती हताश होऊन हसायची. "आई, माझ्या रानात कायमचा शिशिर."

शनिवारी-रविवारी यंत्र कुठे असायचं ते मी एका रविवारी पाहिलं. मी वांगी तोडायला मळ्यात गेले होते. विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीत थोरल्यांचा मुलगा आणि त्याचे मित्र. मधे मटणाचं पातेलं, पत्रावळी, बाटल्या, आणि दगडावर लॅपटॉप. पडद्यावर काय चाललं होतं ते मी लिहिणार नाही. त्यातल्या एकाने रश्शात बुडवलेल्या बोटांनीच आवाज वाढवला. मला पाहून सगळे उठले. "ये बाई आल्या, बाई आल्या," अशी कुजबुज. थोरल्यांचा मुलगा म्हणाला, "काकू, आज आमचा वार हाय."

आमचा वार. मी तशीच परत फिरले. वांगी तोडली नाहीत.

सोमवारी पहाटे तिने यंत्र सुरू केलं आणि खोलीभर वास पसरला. जळकी हळद, तेल, आणि खाली काहीतरी कुजकं. मी तिला त्या दिवशी जाऊ दिलं नाही. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, तिने स्क्रू काढून यंत्राची खालची झाकणं उघडली. पंख्याच्या पात्यांवर हळद-कुंकवाचा लगदा, धुळीत कालवून घट्ट झालेला. त्यात अक्षतांचे दाणे. की-बोर्ड उलटा करून थोपटला, तर सुपारी, विडीची राख, आणि हाडाचा एक बारीक तुकडा खाली पडला. मी चिमट्याने एकेक उचलून कागदावर ठेवत होते. तुमची आई रडली नाही. ती म्हणाली, "आई, साफ करून काही होणार नाही. हा स्वच्छ असतानाही माझी झाडं काढत नव्हता."

संध्याकाळी मी तुमच्या आजोबांना आणि तिला घेऊन थोरल्यांच्या ओट्यावर गेले. यंत्र त्यांच्यासमोर ठेवलं.

"दादा, हा तुमचा. सगळाच्या सगळा तुमचा. आमचे निम्मे पैसे परत द्या. आम्ही तिच्यापुरता लहान घेतो."

थोरले हसले. "बाई, तुमी शिकलेल्या. वापरल्याल्या वस्तूचं पुरं पैशे कोन देतं व्हय?"

"वापरली कुणी, ते तुमच्या मुलाला विचारा."

"पोरगं हाय. चार मित्र जमत्यात. तुमाला काय सगळ्यात घान दिसती, बाई."

"दिसते. कागदात बांधून आणली आहे. उघडू?"

त्यांनी तंबाखू मळली. मग माझ्याकडे न बघता तुमच्या आजोबांना म्हणाले, "पैशे देतो म्या. पुरं निम्मे देतो. तू गुरुवारचं पानी सोड. उन्हाळ्यापुरतं."

शेतात तेव्हा आपला उन्हाळी कांदा होता. गुरुवार गेला की सोमवारनंतर एकदम शनिवार. मी तुमच्या आजोबांकडे पाहिलं. या माणसाने आयुष्यात कधी थोरल्या भावाला उलटून उत्तर दिलं नव्हतं आणि तेव्हाही दिलं नाही. त्यांनी मुलीला विचारलं, "तुझं काम किती राहिलंय गं?"

"झाडं राहिलीत, अण्णा. सगळीच."

"मग सोडलं," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, थोरले आता तरी लाजतील. भावाची मुलगी आहे, राहू दे, असं म्हणतील. त्यांनी एवढंही म्हटलं नाही, की विचार करून सांग. ते लगेच उठले, आत गेले, आणि पैसे घेऊन आले. मोजलेले, रबर लावलेले. म्हणजे सौदा त्यांच्या मनात आधीच ठरलेला होता. जाऊबाई चहा घेऊन आल्या. मी कप उचलला नाही. मला त्या कपाचीही किळस वाटली, आणि जाऊबाईंचा त्यात काही दोष नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तुमची आई आणि मी दोघीच मंचरला गेलो. राखाडी लॅपटॉप अजून कपाटात होता. शेठ म्हणाले, "मला वाटलंच होतं, ताई, तुम्ही याच्यासाठी परत याल." मला त्यांचाही राग आला. वाटलंच होतं, तर त्या दिवशी बोलायचं होतं. पण उपरण्याखाली हात गेल्यावर दुकानदाराने बोलायचं नसतं, असं ते म्हणाले.

त्या उन्हाळ्यात कांदा लिंबाएवढा राहिला. तुमच्या आईने पुण्यात, वसतिगृहाच्या खोलीत रात्री बसून झाडं काढली. एप्रिलअखेर ती घरी आली आणि तुमच्या आजोबांना समोर बसवून तिने तो खेळ दाखवला. त्यांनी बाण असलेली बटणं एका बोटाने दाबत त्या मुलीला रानातून चालवलं. ती प्रत्येक झाडाला धडकत होती. "पानं आली की गं," ते म्हणाले. ते यंत्र दप्तरात घालून ती पुढे नोकरीला गेली, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

उन्हाळा संपला. पाऊस झाला, विहीर भरली. दिवाळीनंतर तुमचे आजोबा गुरुवारी मोटर सुरू करायला गेले, तर थोरल्यांची आधीच सुरू होती. "आता सवय झाली न्हवं," थोरले म्हणाले. "पिकं तशी लावलीत." पुढच्या वर्षीही तेच. तुमच्या आजोबांनी परत विचारलं नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मला चहा मिळाला.

म्हणून तुमची आई उठून गेली, बाळांनो. तुम्हाला माझं सांगणं एवढंच, की दोघांनी दोन घ्या. लहान घ्या, कमी आकड्यांचे घ्या, खेळ थोडा हळू चालला तर चालू दे. माझ्या मते तो बंदच असलेला बरा. पण ज्याचं त्याचं यंत्र वेगळं असू दे, आणि खरकट्या हातांनी त्याला शिवू नका.

मोठा लॅपटॉप दोन वर्षांत बंद पडला. थोरल्यांच्या मुलाने तो भंगारवाल्याला दिला. थोरले आता नाहीत. विहीर आहे. गुरुवारचं पाणी अजून त्यांच्याच शेतात जातं. आपला राखाडी लॅपटॉप मी परवा स्पिरिटने पुसला. बॅटरी गेली आहे, पण वायर लावली की सुरू होतो, आणि झाडं सगळी आहेत.